रात्रपाळी

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि 'को जागर्ति?', म्हणजे 'कोण जागे आहे?' असे विचारते, अशी आपली जुनी समजूत. गच्चीवर आटीव दुधाचे पातेले ठेवून तिला उत्तर देण्याची सोय वाडवडिलांनी करून ठेवली होती. आता गच्च्यांना कुलपे लागली आणि दुधातल्या साखरेवर डॉक्टरांची नजर गेली. तेव्हा यंदा आम्हा चार मित्रांच्या कंपूने ही रात्र लोअर परळला जाऊन जागवायचे ठरवले. 'बाबा, तुम्ही? आणि तिथे?' या कन्येच्या प्रश्नात आमच्या वयाचा सगळा हिशेब आला.

ज्यांनी हा भाग पंचवीस-तीस वर्षांत पाहिला नसेल, त्यांना तो ओळखू येणार नाही. जुन्या गिरण्यांच्या आवारांतच आता उपाहारगृहे आहेत. उंच छत, गिलावा न केलेल्या विटा, लोखंडी तुळया. उजेड इतका बेताचा, की पदार्थांची यादी वाचायला वकीलमित्राने मोबाइलची बत्ती पेटवली. कोथिंबीरवडी मागवली, तर दगडी पाटीवर तीन तुकडे आले. माणसे चार! संगीताच्या कल्लोळात तिची वाटणीही ओरडूनच करावी लागली.

आमच्यातले डॉक्टर मात्र छताकडे पाहत होते. ते आमच्याहून थोडे वडील. त्यांचे बालपण इथून हाकेच्या अंतरावरच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साच्यावर होते. "हा कसला आवाज!" ते म्हणाले. "शेकडो साचे एकदम चालत, तेव्हा माणसे ओठांवरून बोलणे ओळखत. बाबा घरीसुद्धा मोठ्यानेच बोलायचे." वडिलांची रात्रपाळी म्हणजे पोरांना दिवसा मुकेपणाची शिक्षा. दहा बाय बाराच्या खोलीत वडील झोपलेले, आणि भावंडे बाहेर गॅलरीत खुणांनी भांडत!

त्यांची आई बारा जणांची खाणावळ चालवी. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत, पाळीपाळीने जेवत आणि पगार झाला की पैसे चुकते करत. तोवर किराणा उधारीवर. अशा खाणावळवाल्या बायकांची सावकारी कर्जातून सुटका व्हावी, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक शहराच्या मैदाने-बागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाचा. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. वकीलमित्राने हे समजावून सांगितले, तेव्हा मी थक्क झालो. विद्यार्थ्यांना मी शब्दाचे सामर्थ्य शिकवतो. पण एका विशेषणाने एवढी जमीन इकडची तिकडे केल्याचे उदाहरण आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात नाही.

गिरणी काही स्वर्ग नव्हती. कापसाच्या तुसांनी छाती भरे. डॉक्टरांच्या वडिलांचा खोकला साऱ्या चाळीच्या ओळखीचा होता. त्या जागी आज तरुण मुले हसतखिदळत जेवत असतील, तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. आम्हीही पोटभर हसलो.

बिल आणणारा मुलगा वीस-बाविशीचा होता. डॉक्टरांनी सहज विचारले, "आता घरी कसा जाणार रे?"

"नालासोपाऱ्याला राहतो, साहेब. शेवटची गाडी गेली. पहाटेची पहिली पकडीन."

"मग झोप?"

"दिवसा. खोलीत आम्ही सहाजण आहोत. पाळीपाळीने झोपतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि बिलावरचा आकडा न पाहताच पैसे ठेवले. आम्हाला वाटणी करू दिली नाही.

तेव्हापासून मनात येते, की रात्रपाळी चालूच आहे. भोंगा तेवढा बंद झाला. भोंगा होता तेव्हा कोण कामावर निघाले, ते साऱ्या वस्तीला कळे. त्या कामगारामागे युनियन होती, बोनससाठी भांडण्याची हिंमत होती, आणि रात्री उशिरा आला तरी त्याचे ताट झाकून ठेवणारी खाणावळवाली मावशी होती. या मुलाच्या वाट्याला यांतले काय आले?

दिवाळीच्या सुटीत तुम्हीही सहकुटुंब अशी एखादी रात्र बाहेर काढाल. खुशाल काढा. फक्त घड्याळावर लक्ष असू द्या, आणि शेवटच्या गाडीच्या अर्धा तास आधी उठता आले, तर जरूर उठा.