साथीतही रोजची ओपीडी चालू हवी



कोरोनाची आठवण निघाली की बोलणं ऑक्सिजन आणि खाटांवर येऊन थांबतं. पण 2020 च्या एप्रिलात आमच्या मुरुममध्ये बहुतेकांना कोरोना नव्हताच. कुणाला बीपी होतं, कुणाला शुगर, कुणाला सातवा महिना. त्यांच्या हालांचा हिशेब कुणीच मांडत नाही.

माझी आई तेव्हा 72 वर्षांची. बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून तिला एका दवाखान्यात नेलं. दाराला दोरी, बाहेर उन्हात चुन्याचे गोल. दोन तासांनी नंबर आला. "ताप? खोकला?" नाही म्हटल्यावर रिकाम्या पाकिटावरचं नाव वाचून त्याच गोळ्या लिहून दिल्या. पट्टा बांधतील म्हणून आईनं बाही वर सारून ठेवली होती. "हातच लावला नाही, मग कळलं कसं?" एवढंच ती वाटेत म्हणाली. तिथल्या लोकांनाही जिवाची भीती होती, त्यांच्यावर माझा राग नाही. ताप नसलेल्यांची सोय कुणी आधी ठरवूनच ठेवली नव्हती, राग त्याचा आहे.

लॉकडाऊनमध्ये बंद पडलेली एसटी जिल्ह्याबाहेर पुन्हा सुटली ती थेट 20 ऑगस्टला. सोलापूर-लातूरला दाखवणाऱ्यांनी तोवर काय करायचं? आळंद, कलबुर्गी तर परराज्यात. ई-संजीवनीमुळे मोबाईलवर डॉक्टर दिसू लागले खरे, पण मोबाईल बीपी मोजत नाही.

घरोघर पोचता येत नव्हतं असंही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेची पथकं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली, बीपी-शुगर आहे का तेही विचारलं. मग त्याच फेरीत गोळ्या आणि बीपीचं मशीन का नको? आता तर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही आहेत. मात्र हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नये. जून 2021 मध्ये, ऐन साथीत, त्यांना मानधनासाठी संप करावा लागला होता.

तापाची ओपीडी वेगळ्या जागेत, हवं तर शाळेत भरवा. रोजची ओपीडी, गरोदर बायांची तपासणी बंद ठेवू नका. बीपी-शुगरवाल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेनं हे आजच कागदावर आणावं आणि तो कागद नगरपरिषदेच्या फलकावर लावावा, म्हणजे कुठल्या दारानं जायचं ते आम्हाला साथ येण्याआधी कळेल.

— एक वाचक, मुरुम (ता. उमरगा, जि. धाराशिव)