मालकांची मते

(द्वितीय वर्ष, कला)

वस्तू ज्याची, मत त्याचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. बैल कामाला कसा आहे हे मालकाला विचारतात. त्याच बैलामागे दिवसभर औत हाकणाऱ्या सालगड्याला कोणी विचारीत नाही. विचारलेच तर त्याचे उत्तर ‘मत’ म्हणून धरीत नाहीत. मला या लेखात बैलाविषयी लिहायचे नाही. लिहायचे आहे एका रेडिओविषयी आणि त्याच्या मालकांच्या मतांविषयी. तो रेडिओ माझा नाही. मग मला मत देण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. तो अधिकार मागण्यासाठीच हा लेख आहे.

‘हॅम’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला नसेल. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि स्वतःच्या बिनतारी संचावरून देशोदेशीच्या समानधर्मी माणसांशी बोलायचे, असा छंद असणाऱ्यांना हॅम म्हणतात. या लहरींवर धंद्याचे बोलणे चालत नाही, आणि परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. आपल्या देशातील पुष्कळशा हॅमची खूण ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची खूण होती व्ही यू टू आर जी. मी संध्याकाळी मोटार रिवाइंडिंगच्या ज्या दुकानात हिशेब लिहिते, त्या दुकानाच्या काकांकडे असा परवाना आहे आणि त्यांच्या जुन्या जीपमध्ये यासू या जपानी कंपनीचा एफटी-८५७डी हा संच बसवलेला आहे. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून मी फक्त ऐकते. ऐकायला मात्र भरपूर मिळते.

हॅम मंडळींची एक रीत मोठी गमतीची आहे. ओळख झाली, आवाज कसा पोचतो हे सांगून झाले, की लगेच ‘माझा संच अमुक, अँटेना तमुक’ हे येतेच. आपल्याकडे नव्या पाहुण्याला गाव, आडनाव आणि शेती किती हे विचारतात ना, तसेच. आणि संचाचे नाव निघाले की मत निघते. दोन वर्षे मी ही मते ऐकत आले आहे. कोणाला हा संच देवाघरचा वाटतो, कोणाला डोकेदुखी.

आधी संच कसा आहे ते सांगते. आकार साधारण शब्दकोशाएवढा: १५५ मिलिमीटर रुंद, ५२ उंच, २३३ खोल. वजन २ किलोच्या किंचित वर. एवढ्या डब्यातून लघुलहरींवर आणि ५० मेगाहर्ट्झवर १०० वॅट, १४४ मेगाहर्ट्झवर ५० वॅट आणि ४३० मेगाहर्ट्झवर २० वॅट शक्ती बाहेर पडते. शिवाय आकाशवाणीही ऐकू येते. पुढचा मुखडा सुटा करून तो गाडीच्या डॅशबोर्डवर लावता येतो आणि मुख्य डबा आसनाखाली ढकलता येतो. आयकॉम कंपनीने १९९५ साली आयसी-७०६ काढून लहान डब्यात असे अनेक पट्टे कोंबण्याची वाट मळली होती. यासूचा ८५७ तिच्या मागोमाग, २००३च्या सुमारास आला आणि आणखी लहान झाला. आता हा संच कंपनी बनवीत नाही. जे फिरतात ते जुने, हातबदल झालेले. त्यामुळे एक गंमत झाली आहे. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात, तशी या संचाविषयीची मतेही हळूहळू गोड होत चालली आहेत.

मत कोण देतो हे आधी पाहावे, असे मी आता शिकले आहे. ज्याने कालच घेतला त्याला दोष दिसत नाहीत. दिसले तरी एवढे पैसे मोजल्यावर ते बोलून दाखवणे जड जाते. ज्याला विकायचा आहे त्याला तर मुळीच दिसत नाहीत. म्हैस विकणारा ‘लाथ मारते’ म्हणून सांगत नाही. खरे मत मिळते ते पाच-सात वर्षे वापरून, अजून न विकलेल्या माणसाकडून. तो स्तुती सुरू करतो आणि मध्येच ‘पण’ म्हणतो. त्या ‘पण’नंतर कान टवकारावेत.

पहिला ‘पण’ पडद्याचा. या संचाच्या पडद्यावर काही वर्षांनी रेघा उमटू लागतात आणि आकडे वाचणे कठीण होते, अशी तक्रार पुष्कळ मालकांनी केली आहे. हा दोष खराच आहे, त्यात मत-मतांतराला जागा नाही.

दुसरा ‘पण’ उष्णतेचा. इथे मात्र मला मालकांशी थोडे भांडायचे आहे. पूर्ण शक्तीने बोलताना हा संच १३.८ व्होल्टवर २२ अँपियरपर्यंत प्रवाह ओढतो. गुणाकार करा: सुमारे ३०० वॅट आत जातात आणि १०० बाहेर पडतात. उरलेल्या २०० वॅटची उष्णता शब्दकोशाएवढ्या डब्याने कोठे ठेवायची? पंखा ओरडणारच. तो ओरडतो म्हणून संचाला नावे ठेवणे म्हणजे भर उन्हात नांगर ओढणारा बैल धापतो म्हणून त्याला नावे ठेवणे. ‘बोलताना संच मध्येच बंद पडतो’ असेही काही जण सांगतात. त्यांपैकी कितीजणांनी बॅटरीपासून आलेली तार किती जाड आहे हे पाहिले असेल? रिवाइंडिंगच्या दुकानात बसणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. विहिरीवर लांबलचक बारीक केबल टाकली की दाब पडतो, मोटार जळते, आणि शेतकरी मोटारीच्या कंपनीला शिव्या देत दुकानात येतो.

तिसरा ‘पण’ अँटेनाचा, आणि तो तर संचाचा मुळीच नव्हे. हॅम मंडळींची आवडती एक लहर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. तिची लांबी सुमारे ४० मीटर. अशा लहरीला साजेशी तार निम्म्या लांबीची, म्हणजे २० मीटरची हवी. जीपच्या टपावर २० मीटरची तार कशी उभी राहणार? म्हणून दोन मीटरची काठी लावतात आणि उरलेल्या लांबीची भरपाई तारेच्या गुंडाळीने करतात. भरपाई होते, पण शंभरांतले पुष्कळ वॅट त्या गुंडाळीत आणि जमिनीत जिरून जातात. मग मालक म्हणतो, ‘संचात दम नाही.’ काकांनी एकदा हाच संच जीपमधून काढून दुकानामागच्या दोन लिंबांमध्ये बांधलेल्या साध्या तांब्याच्या तारेला जोडला. सकाळी हैदराबाद आणि पुणे शेजारच्या खोलीतून बोलावे तसे ऐकू आले. संच तोच, बॅटरी तीच, मालकही तोच.

आता चौथा ‘पण’. हा मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे: ‘बटणे फार लहान आहेत हो.’ मुखडा लहान, त्यावर बटणे मोजकी, आणि बाकीच्या सोयी यादीत लपवलेल्या. ती यादी नव्वद-एक कलमांची आहे. काकांची बोटे जाड आहेत. तीस वर्षे तांब्याची तार ओढून ती आणखी जाड आणि बोथट झाली आहेत. एक बटण दाबायला जातात आणि दोन दाबली जातात. मग हाक येते, “पोरी, जरा एवढं बदलून दे गं.” मी बदलून देते. माझ्या बोटांना ती बटणे बेताची आहेत. अगदी बरोबर आहेत असेच म्हणते. मला त्या यादीतली कलमे क्रमांकासह पाठ झाली आहेत, कारण सनावळ्या पाठ करण्याची आम्हा कला शाखेच्या मुलांना सवयच असते. मग ‘बटणे फार लहान आहेत’ हे मत कोणाचे? ते संचाविषयी आहे की बोटांविषयी? हा संच घेण्याची ऐपत साधारण पन्नाशीच्या पुरुषांना असते, म्हणून पन्नाशीच्या पुरुषांची बोटे हेच माप ठरले. किंमत ऐकून आमचे दादा म्हणजे वडील एवढेच म्हणाले होते, “तेवढ्यात दुभती म्हैस येते.” बरोबरच आहे. पण म्हैस आणि रेडिओ यांचा हिशेब एका वहीत मांडायला लागणाऱ्या घरातले मत कोणत्याच यादीत लागत नाही, हेही तितकेच बरोबर आहे.

बटणांची तक्रार ऐकली की तिला एक ठरलेले उत्तर मिळते: ‘सवय झाली की काही वाटत नाही.’ हे मत मला सर्वांत धोक्याचे वाटते.

मी लातूर जिल्ह्यातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी जन्मले नव्हते. पण आमच्या घरी अजूनही गणपती विसर्जनाच्या रात्री आजी लवकर झोपत नाही. त्या वेळी आपल्या देशात मोबाईल सेवा सुरू व्हायची होती, ती १९९५ साली झाली. भूकंपानंतर हौशी बिनतारीवाल्यांनी आमच्या भागात निरोप पोचवण्याचे काम केले. पुढे २००४ सालच्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम बाई आपल्या चमूसह छंदापोटीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. छंद बाजूला राहिला आणि त्यांच्या संचावरून अंदमानातल्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. आज खिशाखिशात मोबाईल आहे हे खरे. पण मनोऱ्याची वीज गेली आणि बॅटरी उतरली की तो मोबाईल फक्त विजेरीच्या कामाचा.

अशा वेळी संचासमोर कोण बसलेले असते? सवय झालेला मालक चोवीस तास बसू शकत नाही. त्याला झोप लागते, त्याला स्वतःचे घर असते, कदाचित ते घर पडलेले असते. संच दुसऱ्या परवानेवाल्याच्या हाती जातो, ज्याच्या घरी वेगळा संच आहे आणि ज्याला या नव्वद कलमांची सवय नाही. अंधार असतो, हात थरथरत असतात. त्या माणसाला हा संच चालवता येतो का, ही खरी परीक्षा. आणि तिच्यात मालकाचे मत निरुपयोगी आहे, कारण सवय तर मालकालाच झालेली आहे. संच परका असणाऱ्याने दिलेले मत हवे. माझ्या मते या परीक्षेत एफटी-८५७डी काठावर पास होतो, तोही कोणीतरी आधी तयारी करून ठेवली असेल तर. त्यात २०० जागा लक्षात ठेवण्याची सोय आहे. नेहमीच्या लहरी तेथे क्रमाने भरून ठेवाव्यात, म्हणजे नवख्याला चक्री फिरवीत बसावे लागत नाही. मी अर्ध्या पानावर मराठीत सूचना लिहून जीपच्या कप्प्यात चिकटवल्या आहेत: सुरू कसा करायचा, आवाज कोठे, पट्टा कसा बदलायचा, आणि चुकून भलतेच बटण दाबले गेले तर परत कसे यायचे. ही शेवटची ओळ संचाबरोबरच्या इंग्रजी पुस्तकात मला एका जागी कोठेच सापडली नाही. दुकानातल्या ड्रायव्हर दादांनी, ते सातवी शिकलेले आहेत, ते पान वाचून पहिल्याच खेपेला ७ मेगाहर्ट्झवरची बोलणी लावून ऐकली. काकांना त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. मला वाटले.

वर्गातली मैत्रीण म्हणाली, “बी.ए.च्या मुलींचा याच्याशी काय संबंध? हे विज्ञानवाल्यांचे.” मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. आयनांबर या थराविषयी परीक्षेपुरत्या चार ओळी आम्ही लिहितो. त्याच आयनांबरावर आपटून लहर परत खाली येते, दिवसा तीनशे-चारशे किलोमीटरवरचे ऐकू येते आणि रात्री त्याच पट्ट्यावर पार परदेशचे, हे मी जीपमध्ये बसून ऐकले आहे. त्या चार ओळी आता मला पाठ कराव्या लागत नाहीत.

आपल्या नियमांप्रमाणे शिक्षणसंस्थेला मंडळाच्या नावाने हौशी रेडिओ केंद्राचा परवाना मिळू शकतो. मग आपल्या महाविद्यालयाने तो का मागू नये? केंद्रातला संच कोणा एकाचा नसतो. त्याच्यासमोर दरवर्षी नवी बोटे येतात, जाड, बारीक, मेंदी लावलेली, पेंडीचा वास येणारी. त्यांची मते लिहून ठेवायला एक वही पुरे. खर्चाचे म्हणाल तर संच जुना चालेल, बॅटरी ट्रॅक्टरची चालेल; स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा एखादा खण कमी करावा लागेल, एवढेच. परवान्याच्या परीक्षेची तयारी मी सुरू केली आहे, आणखी दोघीजणी तयार आहेत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून मैदानाकडच्या कठड्यापर्यंतचे अंतर मी सुट्टीत पावलांनी मोजले. बावीस मीटर भरते. तार वीस मीटरच लागते.