घरच्या कुत्र्याशी बोला, पण रीतीनं बोला

तुमच्या अंगणात एखादा मोत्या, शेरू नाही तर टायगर असेल. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, आपल्या वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत कुत्र्यावाचून गाव नाही. तुम्ही त्याच्याशी दिवसभर बोलताही. सकाळी भाकर टाकताना बोलता, वावरात जाताना बोलता, रात्री भुंकला की खाटेवरूनच दटावता.

कुणी हसतं, म्हणतं, जनावराला काय कळतं? तुम्ही लाजू नका. बोलत राहा. पण रीतीनं बोला. रीत चुकली की कुत्रा बावरतो. बावरलेला कुत्रा हाकेला येत नाही, रस्त्यावर धावतो, पाहुण्याच्या अंगावर जातो आणि एखाद दिवशी लेकराला चावतो. निस्तरावं तुम्हालाच लागतं.

त्याला कळतं का, हे आधी पाहा

कळतं. हंगेरी देशातल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी 13 पाळीव कुत्र्यांना मेंदूची तपासणी करणाऱ्या यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांना माणसाचा आवाज ऐकवला. 2016 साली त्यांनी काय आढळलं ते जाहीर केलं. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला, तेव्हाच कुत्र्याच्या मेंदूतली आनंदाची जागा जागी झाली. शब्द कौतुकाचा पण सूर कोरडा असला, तर तसं झालं नाही. सूर गोड पण शब्द भलताच असला, तरीही झालं नाही.

म्हणजे हसत हसत शिवी दिली तरी कुत्रा खूश होतो, असं समजू नका. आणि कपाळाला आठ्या घालून "शहाणा माझा" म्हटलं, तर तेही त्याच्यापर्यंत पोचत नाही. शब्द आणि सूर दोन्ही जुळू द्या.

आपला कुत्रा गावठी आहे, त्याला काय शिकवायचं, असंही म्हणू नका. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच प्रयोग केला. अनोळखी माणसानं एका भांड्याकडे नुसतं बोट दाखवलं. पुष्कळ कुत्री घाबरून जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतल्या सुमारे 80 टक्के कुत्र्यांनी बोट जिकडे होतं तिकडचंच भांडं धरलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तुमचा मोत्या तर तुमच्या हातची भाकर खातो.

घरात पाच शब्द ठरवा

हे काम सगळ्यात आधी करा. नातू मोबाईलवर पाहून "सिट" म्हणतो. आजी "बस" म्हणते. काका "खाली हो" म्हणतात. कुत्रा तिघांच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो आणि तिघंही म्हणतात, हा काही ऐकत नाही. यात त्याचा दोष काय?

औताच्या बैलाशी आपण असं वागत नाही. त्याला थांबवायचा शब्द एक, चालवायचा एक. आजा तोच म्हणत होता आणि सालदारही तोच म्हणतो. कुत्र्यालाही तसेच ठरलेले शब्द द्या.

पाच पुरे. ये, बस, थांब, सोड आणि शाबास. जेवणं झाल्यावर सगळे एकत्र बसा आणि ठरवा. तुमच्या बोलीत दुसरे असतील तर ते घ्या. वऱ्हाडी चालेल, तांड्यावरची गोरमाटी चालेल, हिंदी-उर्दू चालेल. कुत्र्याला भाषेचं सोवळं नाही. पण घरातल्या प्रत्येकानं तोच शब्द वापरायचा. घरी आलेल्या पाहुण्यालाही सांगायचं.

घरात बोलली जाणारी भाषा कुत्र्याच्या कानाला चांगली ओळखीची होते. त्याच बुडापेस्टमध्ये 18 कुत्र्यांना एकच गोष्ट हंगेरियन आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत ऐकवली होती. घरची कोणती आणि परकी कोणती, यातला फरक त्यांच्या मेंदूनं टिपला. वय वाढलेल्या कुत्र्यांनी तर तो जास्त ठळक टिपला. तुमचं सगळं बोलणं त्याला समजत नाही, पण त्याचा कान तुमच्याकडे असतो.

प्रत्येक शब्दाबरोबर हाताची एक खूणही ठेवा. "थांब" म्हणताना पंजा समोर धरा. "बस" म्हणताना हात खाली न्या. खूण रोज तीच ठेवा. म्हातारपणी कुत्र्याला कमी ऐकू येतं, तेव्हा हीच खूण कामाला येते.

आवाज चढवू नका

माणसाला ऐकू येत नाहीत असे बारीक आवाजही कुत्र्याला ऐकू येतात. अंगणाच्या त्या टोकाला बसलेल्या कुत्र्यासाठी ओरडायची काही गरज नाही. रोज ओरडलं की त्याला ओरडण्याची सवय होते. मग ज्या दिवशी खरंच रोखायचं असतं, त्या दिवशी तुमच्या आवाजात काही उरत नाही.

शब्द एकदाच म्हणा. "बस, बस, अरे बस ना" असं दहादा म्हटलं की तो दहाव्या वेळेची वाट पाहायला शिकतो. एकदा म्हणा, खूण करा, थोडं थांबा. बसला की लगेच "शाबास" म्हणा. भाकरीचा तुकडा द्यायचा तर त्याच क्षणी द्या.

पिल्लाशी लाडानं, बारीक आवाजात बोललात तर ते टवकारून ऐकतं. खुशाल बोला.

बोलावून मारू नका

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कुत्रा शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या सोयाबीनवर लोळतो. मालक दुरून दरडावतो, "मोत्या, ये इकडं!" मोत्या कान पाडून, पोट जमिनीला घासत येतो. आला की पाठीत काठी बसते. मालकाला वाटतं, शेंगांवर लोळायचं नाही हे त्याला शिकवलं. मोत्या मात्र शिकतो की हाकेला ओ दिली की मार बसतो.

पुढं कधी तो रस्त्याच्या मधोमध उभा असतो, समोरून ट्रक येत असतो, तुम्ही जिवाच्या आकांतानं हाक मारता. तो येत नाही. का येत नाही, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

म्हणून नावाची हाक शुद्ध ठेवा. नाव घेऊन शिवी देऊ नका, नाव घेऊन मारू नका. उशिरा का होईना, बोलावल्यावर आला तर शाबासकीच द्या. रोखायचंच असेल तर तुम्ही उठून त्याच्याजवळ जा.

झाल्या गोष्टीवर नंतर रागावू नका

सकाळी चप्पल फाडलेली दिसते. चप्पल त्याच्या तोंडापुढं नाचवून तुम्ही ओरडता. तो मान खाली घालतो. तुम्ही म्हणता, पाहा, चूक कळली त्याला.

तसं नसतं. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी 2009 साली हेच तपासलं. ज्या कुत्र्यांनी काहीच केलं नव्हतं, तीही मालक रागावला की तसंच तोंड करत होती. तो चेहरा चुकीच्या जाणिवेचा नव्हता, मालकाच्या रागाला दिलेलं उत्तर होतं.

तेव्हा चप्पल वर ठेवा. चघळायला काही दुसरं द्या. राग गिळा.

"छू" हा खेळ नाही

पोरं गंमत म्हणून भिकाऱ्यावर, सायकलवाल्यावर, दुसऱ्या आळीच्या माणसावर कुत्रं सोडतात. मोठी माणसं हसतात. इथंच पुढच्या भांडणाची आणि दवाखान्याच्या फेऱ्यांची सुरुवात होते. गंमत कुठली आणि खरं कुठलं, हे कुत्र्याला कळत नाही.

जागलीला वावरात कुत्रा लागतो, हे खरं. रोही आणि रानडुकरं उभं पीक आडवं करतात. तुरीत रात्री काही हललं की तोच आधी सांगतो. पण भुंकून सांगणं वेगळं आणि अंगावर जाणं वेगळं. भुंकला की "शाबास" म्हणा, मग "थांब" म्हणा. थांबल्यावर पुन्हा "शाबास" म्हणा. तुमच्या शब्दावर थांबणारा कुत्राच राखणीला खरा उपयोगी. न थांबणारा कुत्रा मळ्यातही धोक्याचा आणि गावातही.

लेकरांना बोलायला शिकवा

कुत्र्याला शिकवता, तसं पोरांनाही शिकवा. सोप्या चार गोष्टी सांगा.

आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. झोपलेल्या कुत्र्याला दचकवायचं नाही.

तो खात असताना जवळ जायचं नाही. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीजवळ तर नाहीच नाही.

दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायचा तर आधी मालकाला विचारायचं, "काका, लावू का हात?"

अनोळखी कुत्रा अंगावर आला तर किंचाळत पळायचं नाही. हात खाली सोडून स्तब्ध उभं राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, मग हळूहळू मागं सरायचं.

आणि तुम्ही स्वतः लहान लेकराला कुत्र्याजवळ एकटं सोडू नका. कुत्रा कितीही गरीब असू द्या.

त्याचंही ऐका

बोलणं एका बाजूचं नसतं. शेपूट पायांत घातली, कान मागं गेले, तोंड फिरवलं, भूक नसताना ओठ चाटले, अंग ताठ केलं, ही सगळी त्याची वाक्यं आहेत. तो म्हणतो आहे, मला हे नको.

गुरगुरणं ही त्याची शेवटची सूचना असते. गुरगुरल्याबद्दल मारलं तर तो गुरगुरायचं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग तो न सांगता चावतो. गुरगुरला की मागं व्हा आणि कशानं गुरगुरला ते शोधा. कानात गोचीड असेल, पायात काटा असेल. नेहमीचा शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला तर जनावरांच्या दवाखान्यात दाखवा.

दिवाळीत, वरातीत फटाके वाजले की तो खाटेखाली शिरतो. ओढून बाहेर काढू नका. तिथंच राहू द्या. जवळ बसा, हळू आवाजात बोला. अशानं तो भित्रा होतो, हा समज चुकीचा आहे.

एकट्या माणसाला सोबत होते

पोरं पुण्या-मुंबईला गेली. घरात आई-बाबा दोघं, कुठं एकटी आजी. अशा घरांत आजी दिवसभर कुत्र्याशी बोलते. दूध सांडलं ते सांगते, गुडघा दुखतो ते सांगते. तिची थट्टा करू नका. बोलण्यानं मन हलकं होतं, आणि भाकर घालायच्या निमित्तानं तीही दोन घास वेळेवर खाते. तुम्ही मात्र रोज फोन करा. कुत्रा सोबत करतो, पण आजारात गाडी बोलावू शकत नाही.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन, देवा कोरडी खाऊ नका म्हणत, त्याच्या मागं धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचं नर्सी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. आपलं कारंजा तर दत्तावतार श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. दत्ताची तसबीर घराघरांत आहे आणि तसबिरीत चार कुत्री पायाशी उभी आहेत. तसबिरीला हात जोडायचे आणि दारातल्याला लाथ मारायची, हे शोभत नाही.

बोलण्यानं भागत नाही अशा दोन गोष्टी

पहिली, साखळी. दिवसभर आखूड साखळीला बांधलेल्या कुत्र्याशी गोड बोलून उपयोग नाही. तो चिडणारच. जनावरांचा छळ रोखणाऱ्या 1960 च्या कायद्यानंही हा गुन्हा आहे. सकाळ-संध्याकाळ मोकळा फिरवा. बांधाल तेव्हा दोरी लांब ठेवा, सावली आणि पाणी ठेवा. वैशाखात आपल्याकडं ऊन कसं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी, लस. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस द्या आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी वेळेवर देत राहा. कुणाला चावलाच, ओरखडा जरी निघाला, तरी जखम वाहत्या पाण्यात साबण लावून 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. झाडपाल्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि इंजेक्शनं सगळी पुरी करा. दोन घेऊन थांबू नका. रेबीज एकदा दिसू लागला की माणूस जवळपास वाचतच नाही.

आता आज रात्रीच एवढं करा. घरच्या सगळ्यांना बसवा, पाच शब्द ठरवा, कागदावर लिहून दाराच्या मागं चिकटवा. खाली लसीची तारीख लिहा. उद्या सकाळपासून सगळे तेच बोला. आठ-पंधरा दिवस धीर धरा. कुत्रा शिकेल. त्याच्याआधी घरच्या माणसांनाच शिकावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.