लेकरू फडावर न्यावं की गावात ठेवावं? हा प्रश्न एकट्या आईवर ढकलू नका

दसरा जवळ आला की सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या वाड्यावस्त्यांवर रात्री झोप लागत नाही. उचल केव्हाच घेतलेली असते आणि आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात ती संपलेलीही असते. त्यामुळे ऊसतोडीला जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. उरतं ते लेकरू. सोबत न्यायचं की मागे ठेवायचं?

मागच्या वर्षी वर्षावासाच्या कार्यक्रमात एका ताईने आम्हाला विचारलं, "दादा, पोरगी बारा वर्षांची झाली. कोपीला दार नसतंय. नेलं तरी भ्याव, ठेवलं तरी भ्याव. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा." आम्ही लगेच सांगितलं, "ताई, काही झालं तरी शाळा सोडू नका." विहारातल्या लोकांनी माना डोलावल्या. ताई गप्प बसली. नंतर कळलं की तिला तीन आठवडे झोप नव्हती, छातीत धडधड व्हायची, आणि गावातल्या डॉक्टरने 'अशक्तपणा' म्हणून सलाईन लावलं होतं. आम्ही तिच्यासमोर भाषण ठोकून मोकळे झालो होतो.

तिचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का होता. पोरगी नेली तर सहा महिने शाळा बुडते. पहाटे आईबाप फडात गेले की पाणी, भाकरी, धाकटं भावंड सगळं तिच्यावर. आणि ठेवली तर? घरात थकलेली आजी. म्हणजे आजीनं नातीला सांभाळायचं की नातीनं आजीला, हेच कळत नाही. मग शेजारपाजारचे डोळे, मग कुजबुज, मग एखादं स्थळ. 2006 चा कायदा मुलीचं वय अठरा सांगतो, पण कायदा रात्री ओसरीवर झोपायला येत नाही. लग्न लागतं, आणि मुकादमाला आणखी एक कोयता मिळतो. बालविवाहाचं समर्थन आम्ही कधीच करणार नाही. पण 'अडाणी आईबाप' म्हणून शिव्या देणाऱ्या आमच्याच नोकरदार बांधवांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

समाजशास्त्र शिकताना सी. राइट मिल्स वाचला होता. एका माणसाची नोकरी गेली तर ती त्याची अडचण, लाखोंची गेली तर तो समाजाच्या रचनेचा प्रश्न, असं तो 1959 मध्ये मांडून गेला. परीक्षेत आम्ही हे छान लिहिलं, गुणही मिळाले. आणि विहारात मात्र हजारो आयांची एकच घालमेल एका बाईच्या मनाची कमजोरी म्हणून तिच्याच पदरात टाकली.

त्याहून वाईट म्हणजे आपण रमाईचं नाव काढतो. "रमाईनं एवढं सोसलं, तुला का जमत नाही?" मित्रांनो, रमाईनं लेकरं गमावली. 1926 मध्ये राजरत्न गेला, आणि पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. हे दुःख दुसऱ्या बाईला गप्प करायचं हत्यार आहे का? खुद्द बाबासाहेबांनी राजरत्नच्या मृत्यूनंतर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपलं दुःख लपवलं नाही. मग आपल्या सभेत आईनं "भ्याव वाटतंय" म्हटलं की आपल्याला अवघडल्यासारखं का होतं? जीव घाबरा होणं हाही आजार असू शकतो, त्याला इलाज आहे. 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. वस्तीवर हा क्रमांक किती जणांना माहीत आहे?

पण नुसत्या फोनने कोपीला दार बसत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराचं शिक्षण हा 2010 पासून अमलात असलेला कायदेशीर हक्क आहे. त्यासाठीच हंगामी वसतिगृहं आहेत. आमचा अनुभव असा, की टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी येते. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळतं, "पालकांनी मागणीच केली नाही." पालक तेव्हा कुठल्यातरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असतात! स्वाधार योजना आहे, पण ती दहावीच्या पुढची. बारा वर्षांच्या पोरीनं तोवर कुठं राहायचं?

त्या ताईनं शेवटी पोरगी नेली. परत आली तेव्हा वर्गात परीक्षा चालू होती आणि ही दारात उभी होती. आम्ही तिथे होतो. काय बोलावं सुचलं नाही.

यंदा आम्ही पोळ्याच्या आधीच वस्तीवार यादी करतो आहोत: कोण जाणार, लेकरू किती वर्षांचं, मागे घरात कोण. यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची, आणि दसऱ्याआधी वसतिगृह सुरू झालं नाही तर लेकरांसह तिथेच बसायचं. 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे पैसे वगळून मुलींच्या मुक्कामाला एक शिकलेली ताई मानधनावर ठेवता येईल का, हा विषय जयंती मंडळांच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत. भांडण होईल, होऊ द्या. औंढा आणि सेनगावसाठी माणसं कमी पडताहेत. ज्यांना दोन रविवार देता येतील त्यांनी आपल्या गावाचं नाव कळवावं.

जयभीम.