तगडी तुकडी कोणती?

पाडव्याच्या सकाळी आमच्या घरी फराळाइतकाच वादही ठरलेला असतो. चकली एखाद्या वर्षी मऊ पडते, पण वाद मात्र दरवर्षी खुसखुशीत होतो. एका वर्षी नाशिकची खरी मिसळ कोणाची यावर तो दोन तास चालला आणि समोरच्या घरचे मास्तर चहा न घेता उठून गेले. दुसऱ्या वर्षी पूर मोजायला दुतोंड्या मारुती खरा की पाटबंधारे खात्याचा आकडा खरा, यावर आमच्या मेहुण्यांनी आवाज बसवून घेतला. म्हणून यंदा सौभाग्यवतींनी लाडवाचा डबा उघडण्यापूर्वीच बजावले, ‘‘आज वाद नको. भाचेबुवा चार वर्षांनी अमेरिकेहून आलेत.’’

आणि वाचकहो, वाद काढला तो नेमका भाचेबुवांनीच!

त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. तिकडच्या शाळेत लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो. पोरगा काटकुळा, पण अनारसे खाण्याचा वेग थक्क करणारा. भाचेबुवा कौतुकाने म्हणाले, ‘‘मामा, तिकडे या पोरांत एक मोठा वाद असतो. शाळा सोडून बाहेर पडलेल्या मुलांची आजवरची सर्वांत तगडी तुकडी कोणत्या सालची?’’

मास्तरांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. तीस वर्षे गणित शिकवलेला माणूस; ‘सर्वांत’ हा शब्द कानी पडला की त्यांचे मोजमाप सुरू होते. ‘‘मोजायचे कशाने?’’ त्यांनी विचारले.

मग भाचेबुवांनी हकीकत सांगितली, आणि ती ऐकण्यासारखी होती. जिम रायन नावाच्या मुलाने १९६५ साली शाळेत असतानाच एक मैल ३ मिनिटे ५५.३ सेकंदांत तोडला. तो विक्रम ३६ वर्षे कोणा शाळकरी मुलाला मोडता आला नाही. २००१ साली अ‍ॅलन वेबने ३ मिनिटे ५३.४३ सेकंदांची वेळ देऊन तो मोडला. मजा अशी की, त्याच्याच सालच्या तुकडीत डेथन रिट्झनहाइन आणि रायन हॉल हे आणखी दोघे होते. २०००च्या डिसेंबरात शाळकरी मुलांच्या देशपातळीवरच्या माळरान-शर्यतीत हे तिघे एकत्र आले. रिट्झनहाइन पहिला, वेब दुसरा आणि हॉल तिसरा!

‘‘म्हणजे २००१ची तुकडी. निकाल लागला,’’ मी म्हणालो. मला चहा हवा होता.

‘‘निकाल कसला?’’ मास्तर उसळले. ‘‘शाळेतल्या वेळा सांगितल्यात. पुढे काय झाले ते कुठे सांगितलेत?’’

पुढचेही भाचेबुवांना ठाऊक होते. वेबने २००७ साली मैलाचा अमेरिकन विक्रम केला, ३ मिनिटे ४६.९१ सेकंद, पण २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो पहिल्या फेरीतच बाद झाला होता. रिट्झनहाइन आणि हॉल २००८ साली बीजिंगच्या मॅरेथॉनमध्ये धावले आणि एकामागोमाग एक, नववा आणि दहावा आले. हॉलने २०११ साली बोस्टनला २ तास ४ मिनिटे ५८ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली आणि २०१६च्या जानेवारीत, वयाच्या ३३व्या वर्षी, शरीर साथ देत नाही म्हणून तो थांबला. ऑलिंपिकचे पदक तिघांपैकी एकालाही नाही.

‘‘तरीही तगडी?’’ मास्तर म्हणाले.

‘‘तरीही तगडी!’’ तो काटकुळा मुलगा ठामपणे म्हणाला आणि त्याने सातवा अनारसा उचलला.

आता मास्तरांतला नाशिककर जागा झाला. ‘‘अरे, तुझा तो मैल राहू दे. आमच्या गावच्या तुकड्या मोजल्यास कधी?’’

आणि खरेच, वाचकहो, आपण द्राक्षे आणि कुंभमेळा यांची बढाई मारतो, पण या शहराने गेल्या पंचवीस वर्षांत लांब पल्ल्याच्या किती मुली घडवल्या याचा हिशेब आपल्या दिवाणखान्यात कोणी मांडत नाही. भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंदर सिंग नावाचे प्रशिक्षक पहाटे शिट्टी घेऊन उभे राहत आणि हरसूल, चांदवड, दिंडोरीकडच्या मुली त्या शिट्टीबरोबर फेऱ्या मारत. आपण त्या वेळी दुसऱ्या कुशीवर वळत असू.

मास्तरांनी पहिले नाव घेतले ते कविता राऊतचे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला सावरपाडा हा आदिवासी पाडा, आणि वर्तमानपत्रांनी तिचे नाव पाडले ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. २०१०च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगांनी ४४० यार्डांची शर्यत जिंकली होती; त्यानंतर राष्ट्रकुलात धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला पदक मिळाले ते थेट या मुलीचे. मधे ५२ वर्षे गेली! पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला त्याच अंतरात रौप्यपदक मिळाले. केरळची प्रीजा श्रीधरन पहिली आली. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या, आणि दोघींत अंतर एका सेकंदाच्या आतले.

‘‘पण ती एकटी,’’ आमचे चिरंजीव म्हणाले. ‘‘एकटी म्हणजे तुकडी नव्हे.’’

त्यांचा कौल २०१७ला होता. त्या वर्षी दिंडोरी भागातली मोनिका आथरे लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये तिसरी आली आणि मग तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक घेऊन आली. त्यांच्या मागे दुर्गा देवरे, ताई बाम्हणे ही नावे शालेय आणि कनिष्ठ स्पर्धांतून झळकू लागली होती. नंदुरबारकडचा किसन तडवीही इथेच घडत होता. एका गावातून एकाच वेळी इतके धावपटू! तुकडी म्हणतात ती याला.

‘‘आणि संजीवनीवरची बंदी?’’ मास्तर हळूच म्हणाले.

सगळे क्षणभर गप्प झाले. निषिद्ध द्रव्य सापडल्यामुळे तिच्यावर २०१८पासूनची दोन वर्षांची बंदी आली आणि २०१९ साली दोहा येथे मिळवलेले आशियाई कांस्यपदकही गेले. ही गोष्ट हिशेबातून वगळता येत नाही. पण बंदी संपल्यावर ती परत आली, धावली आणि तिने राष्ट्रीय शर्यती जिंकल्या, हेही वगळता येत नाही. वजाबाकी करताना बेरीज विसरू नये, हे मास्तरांनीच आमच्या चिरंजीवांना पाचवीत शिकवले होते.

भाचेबुवांनी कारण शोधायला सुरुवात केली. ‘‘उंचीमुळे असेल. केनियासारखे.’’

मास्तरांनी हेही मोडून काढले. केनियातले इटेन हे धावपटूंचे गाव २,४०० मीटर उंचीवर आहे. आपले नाशिक जेमतेम ६००. विरळ हवेमुळे रक्त दाट होण्याइतकी ही उंची नव्हे. इथे हवा बरी, रस्ते चढउताराचे आणि डोंगरातल्या मुलींना लहानपणापासून पायी चालण्याची सवय. पण असे तालुके महाराष्ट्रात आणखी पुष्कळ आहेत. फरक एवढाच की, इथे एक माणूस वर्षानुवर्षे रोज पहाटे मैदानावर हजर राहिला, आणि आपल्यासारखीच एक मुलगी दिल्लीत पदक घेताना मागच्या मुलींनी पाहिली.

‘‘म्हणजे मग पहिली तुकडी तगडी. तिच्यामुळे दुसरी झाली,’’ मी म्हणालो. ‘‘एका पणतीवरून दुसरी.’’

‘‘दिवाळी आहे म्हणून काहीही उपमा देऊ नका,’’ असा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला.

सौभाग्यवती पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या वादात पडत नाहीत. पडतात तेव्हा वाद संपतो, हा बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

‘‘भाऊजी,’’ त्या मास्तरांना म्हणाल्या, ‘‘मी शाळेत ८०० मीटर धावत असे, ठाऊक आहे तुम्हाला?’’

मास्तरांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते! वाचकहो, बेचाळीस वर्षांत मला त्यांच्या हातच्या प्रत्येक भाजीचे मीठ ठाऊक झाले, पण हे ठाऊक नव्हते.

‘‘मुलींना त्याच्या पुढे शर्यतच नव्हती. बाईमाणसाला झेपत नाही म्हणत.’’

हे खोटे नव्हे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला बायका ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावल्या आणि दमून बसल्या, एवढ्यावरून ती शर्यत १९६०पर्यंत बंद ठेवली गेली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली, १०,००० मीटर १९८८ साली. कविता राऊत जन्मली १९८५ साली. म्हणजे जिच्यात तिने नाव काढले ती शर्यत ऑलिंपिकमध्ये तिच्याहून तीन वर्षांनी लहान!

‘‘आम्ही नऊ जणी होतो,’’ सौभाग्यवती सांगत होत्या. ‘‘जिल्ह्याच्या शर्यतीत आमच्या शाळेचा पहिला, दुसरा आणि चौथा नंबर. मी दुसरी. पहिली आली ती अनवाणी धावायची. बाईंनी सांगितले होते, पुढच्या वर्षी पुण्याला नेऊ. पुढच्या दिवाळीपर्यंत नवांपैकी सहा जणींची लग्ने ठरली होती. पहिली आलेलीचे तर सर्वांत आधी. आमची तुकडी कोणी मोजायची, भाऊजी? कोणाकडे घड्याळही नव्हते.’’

कोणी काही बोलले नाही. अमेरिकेच्या पोराने आठवा अनारसा बशीत परत ठेवला.

‘‘कविताच्या पदकाहून मला एक वेगळीच गोष्ट मोठी वाटते,’’ त्या पुढे म्हणाल्या. ‘‘लग्न झाल्यावरही ती धावत राहिली. २०१६ साली रिओला मॅरेथॉन धावली. नंबर १२०वा आला, तीन तासांना अर्धा मिनिट कमी. पेपरवाल्यांनी नाक मुरडले असेल. मी मात्र ती वेळ लिहून ठेवली आहे.’’

मास्तर उपरण्याशी चाळा करत म्हणाले, ‘‘वहिनी म्हणतात त्यात गणित आहे. लांब पल्ल्याचा धावपटू सतराव्या वर्षी पिकत नाही. दम वाढायला आठ-दहा वर्षे लागतात. कविता पदकाला पोचली तेव्हा २५ वर्षांची होती. आपला बीडचा अविनाश साबळे घ्या. बारावीनंतर सैन्यात गेला आणि शर्यतीकडे वळला तो तिथेच. त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमला स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतले. शाळेची कोणतीही यादी काढा, त्यात तो सापडणार नाही. तेव्हा तुकडी मोजायची तर शाळा सुटताना किती होते याने नव्हे. दहा वर्षांनी किती उरले, याने.’’

आता आतली गोष्ट सांगतो. हे सगळे चालू असताना एक व्यक्ती कोपऱ्यात करंजीची कड सोलत बसली होती. आमची नात. अकरावीत आहे. दोन वर्षे रोज साडेपाचला मैदानावर जात असे. नवरात्रात चिरंजीवांनी तिला इंजिनिअरिंगच्या क्लासात घातले. क्लास पहाटे सहाचा. म्हणून धावणे ‘तूर्त’ बंद. आपल्या घरांत ‘तूर्त’ या शब्दाचे आयुष्य किती असते, ते नऊ जणींना विचारावे. पोरगी रडली नाही, भांडली नाही. फक्त बूट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून तिने माळ्यावर टाकले. ते मी पाहिले होते आणि गप्प बसलो होतो.

‘‘क्लासला संध्याकाळची तुकडी नाही का रे?’’ सौभाग्यवतींनी चिरंजीवांना विचारले.

‘‘आहे,’’ चिरंजीव अवघडून म्हणाले, ‘‘पण ती कच्च्या मुलांची, आई. सकाळची तुकडी तगडी असते. निवडून घेतात.’’

हा शब्द तोंडातून गेला आणि त्यांचे त्यांनाच काहीतरी कळले असावे, कारण ते पुढे बोलले नाहीत. मास्तर मात्र बोलले. ‘‘कच्च्या तुकडीत बसून पक्की झालेली मुले मी तीस वर्षे पाहिली आहेत. आणि निवडून घेतलेली, पुढे कुठे गेली याचा पत्ता नसलेलीही पाहिली आहेत. गणित अडले तर मी समोरच राहतो.’’

चिरंजीवांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांना मुलीचा दुस्वास नाही. त्यांना भीती आहे. मैदानावरून परतलेल्या सगळ्यांना नोकरी मिळत नाही, गुडघा गेला तर कोणी विचारत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. सावरपाड्याच्या मुलीला हरण्यासारखे थोडे होते. आपल्याकडे हरण्यासारखे पुष्कळ आहे असे आपल्याला वाटते, म्हणून आपण मुलांना धावू देत नाही. ते म्हणाले, ‘‘पाहू,’’ आणि मला माझ्या वडिलांचा ‘पाहू’ आठवला.

वादाचा निकाल लागला नाही. अमेरिकेचा पोरगा २००१वर ठाम, मास्तर कवितावर, चिरंजीव २०१७वर. सौभाग्यवतींनी आपले मत सांगितले नाही; चहा मात्र सर्वांना दिला, मास्तरांनाही.

भाऊबीजेच्या पहाटे मला नेहमीप्रमाणे लवकर जाग आली. बाहेर गारठा होता. माळ्याच्या शिडीचा आवाज आला, मग वर्तमानपत्र चुरगळल्याचा. मला वाटले नात असेल. पाहतो तो चिरंजीव शिडीवर उभे, हातात बूट. माझ्याकडे पाहून ओशाळले.

‘‘संध्याकाळच्या तुकडीची चौकशी सोमवारी करतो,’’ ते म्हणाले. ‘‘मार्चपर्यंत पाहू. मार्क घसरले तर मात्र बंद.’’

नात उठलीच होती. बूट तिला थोडे घट्ट झाले होते. महिन्याभरात पाऊल वाढते या वयात. ती काही बोलली नाही. नाडी बांधली आणि फाटक उघडून निघून गेली.

ओट्यावर सौभाग्यवती उभ्या होत्या. हातात माझे घड्याळ होते.