तंत्रगप्पा : डिस्क प्लेअर घेताय? आधी कपाट उघडा!

१९५४ साली दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात सुधीर फडके उतरले होते, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून बाबूजी आणि गदिमांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. आज अनेक घरांत त्याच्या सीडी आहेत, पण त्या लावायला यंत्र नाही. मग प्रश्न येतो, कोणता प्लेअर घ्यावा?

आधी कपाटातल्या डिस्क वेगळ्या करा. साध्या ऑडिओ सीडीवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज असतो. एमपी३ सीडीत काटछाट करून शंभरावर गाणी बसवलेली असतात. जुने सीडी प्लेअर ती वाचत नाहीत. हाय-रेझोल्यूशन हवं तर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ. डीव्हीडी-ऑडिओ २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाते. हायब्रिड एसएसीडी साध्या प्लेअरवरही वाजते, पण फक्त तिचा सीडीचा थर.

कपाटात एसएसीडी एकही नसेल, तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जुन्या मुद्रणात जे टिपलंच गेलं नाही, ते महागडा प्लेअर कुठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सगळे प्रकार वाजवणारा प्लेअर हवा असेल तर मागची बाजू बघा. सोनीच्या यूबीपी-एक्स८००एम२ वर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही चालतात, पण त्याला लाल-पांढऱ्या पिनांचं अॅनालॉग आउटपुट नाही. बाबांचा जुना अॅम्प्लिफायर त्याला थेट जोडता येणार नाही. अमेरिकेतून कुणी प्लेअर आणणार असेल, तर तो २३० व्होल्टवर चालतो का, हे आधी विचारा.

दुकानात जाताना तीन डिस्क सोबत न्या : विकतची सीडी, एमपी३ सीडी आणि घरी बर्न केलेली सीडी. बर्न केलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, म्हणून काही प्लेअर तिथेच अडखळतात.

आणि खरेदीआधी एक काम कराच. आजीच्या ओव्या किंवा मुंजीतली मंगलाष्टकं असलेली बर्न केलेली सीडी आधी संगणकावर उतरवून घ्या, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजात काटछाट होणार नाही. गीतरामायण बाजारात पुन्हा मिळेल. आजीचा आवाज मिळणार नाही.