काम कायम, कामगार मात्र तात्पुरता!

दि. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता देशात अमलात आल्या आणि २९ जुने कायदे इतिहासजमा झाले. नव्या कायद्यांचे गुणगान पुष्कळ झाले. परंतु पिंपरी, भोसरी, चाकण येथील हंगामी कामगाराच्या पदरात त्यांतून काय पडले, हा प्रश्न पुणेकरांनी विचारावयास हवा.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली. साठच्या दशकात वाहनांचे कारखाने आले. कायम नोकरीच्या भरवशावर त्या पिढीने घरे बांधली, मुले शिकविली. आज त्याच पट्ट्यात एकाच यंत्रावर, एकाच पाळीत उभ्या असलेल्या दोघांपैकी एक कायम असतो, तर दुसरा ठेकेदाराचा वा सात महिन्यांच्या बोलीवरचा. सातच महिने का? बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सेवा अखंड ठरते, म्हणून! ते भरण्यापूर्वीच 'ब्रेक' दिला जातो. रक्षणासाठी घातलेली मर्यादाच अशा रीतीने हकालपट्टीचे वेळापत्रक झाली आहे.

मुदतबंद कामगारास कायम कामगाराइतके वेतन व एका वर्षानंतर उपदान देण्याची नवी तरतूद स्वागतार्ह होय. परंतु ज्यास सात महिन्यांत घरी धाडले जाते, तो वर्ष गाठणार कसा? शिवाय कामगारकपातीस सरकारी परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यास लागे. आता ती मर्यादा ३०० झाली आहे.

मागणी कमीजास्त होते, असे कारखानदार म्हणतात. ते खोटे नव्हे. हंगामापुरते जादा हात घेण्यास आमचा विरोध नाही. पण त्याच जागेवर दरवर्षी नवा तरुण उभा केला जात असेल, तर तात्पुरते आहे ते काम नव्हे, माणूस!

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईस मोकळे होता येणार नाही. सलग तीन वर्षे हंगामी माणसांनी भरलेली जागा कायम मानावी आणि मुद्दाम दिलेल्या 'ब्रेक'ने सेवा खंडित समजू नये, अशी दुरुस्ती विधिमंडळाने करावी. ज्याचा उद्याचा दिवस अनिश्चित, त्याच्याकडून उद्योगाविषयी निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?